घरगुती हीट पंपासाठी मिळणाऱ्या आर्थिक सवलती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर गरम ठेवण्यासाठी किंवा आंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप बसवायचा विचार करणाऱ्या माणसाच्या मनात यंत्राविषयीच्या शंकांपेक्षा पैशांविषयीच्या शंका अधिक असतात. सवलती अनेक देशांत आहेत आणि त्यांपैकी काही खरोखरच मोठ्या आहेत. तरीही पात्र असूनसुद्धा अनेकांना त्या मिळत नाहीत, कारण अर्ज, करार आणि प्रत्यक्ष काम यांचा क्रम चुकलेला असतो. म्हणून पुढील उत्तरांत रकमेइतकाच भर या क्रमावर दिला आहे.

हीट पंपासाठी सरकारे पैसे का देतात?

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही. बाहेरच्या हवेतील, जमिनीतील किंवा पाण्यातील उष्णता खेचून तो ती घरात आणतो. फ्रिज ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर, पण उलट दिशेने, हे काम होते. चांगल्या पद्धतीने बसवलेला पंप एक युनिट विजेच्या मोबदल्यात साधारण तीन ते चार युनिट उष्णता देतो, तर उत्तम गॅस बॉयलरसुद्धा (गॅस जाळून खोल्यांतील रेडिएटरांना गरम पाणी पुरवणारी यंत्रणा) एक युनिट इंधनातून एका युनिटपेक्षा थोडी कमीच उष्णता देऊ शकतो. त्यामुळे इंधनाची आयात आणि कार्बन उत्सर्जन दोन्ही घटते. अडचण सुरुवातीच्या खर्चाची आहे. बॉयलर बदलण्याच्या तुलनेत पंप बसवणे बरेच महाग पडते आणि फायदा मात्र पुढच्या पंधरा-वीस वर्षांत थोडा थोडा हाती येतो. हे अंतर भरून काढणे हाच सवलतींचा हेतू आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2022 मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार 30 पेक्षा अधिक देशांत अशा सवलती उपलब्ध होत्या.

सवलती कोणकोणत्या स्वरूपात मिळतात?

सर्वांत सोपे स्वरूप म्हणजे थेट अनुदान. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड योजनेखाली हवेतून किंवा जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपासाठी ऑक्टोबर 2023 पासून 7,500 पौंड मिळतात, आणि ही रक्कम इन्स्टॉलर बिलातूनच वजा करतो. घरमालकाला आधी पूर्ण पैसे भरून नंतर परताव्याची वाट पाहावी लागत नाही. जर्मनीत खर्चाच्या टक्केवारीने अनुदान मिळते, पण ते काम पूर्ण झाल्यावर खात्यात जमा होते. स्कॉटलंडमध्ये 7,500 पौंडांचे अनुदान आणि त्यावर तेवढ्याच रकमेपर्यंत बिनव्याजी कर्ज असा जोड आहे, शिवाय दुर्गम ग्रामीण भागातील आणि बेटांवरील घरांसाठी अनुदान 9,000 पौंडांपर्यंत जाते.

काही सवलती सवलत म्हणून डोळ्यांत भरत नाहीत. ब्रिटनमध्ये घरगुती हीट पंपाच्या बसवणीवरील मूल्यवर्धित कर 31 मार्च 2027 पर्यंत शून्य आहे. ऑस्ट्रेलियात पाणी तापवणाऱ्या हीट पंपाला बाजारात विकता येणारी प्रमाणपत्रे मिळतात, ती विक्रेता स्वतःकडे घेतो आणि त्या बदल्यात किंमत कमी करतो, त्यामुळे ग्राहकाला फक्त उतरलेली किंमत दिसते. डेन्मार्कमध्ये विजेवर गरम होणाऱ्या घरांना 2025 अखेरपर्यंत वर्षाला 4,000 युनिटांच्या पुढील वापरावर विजेचा कर कमी लागत असे. जर्मनीत 1 जानेवारी 2024 पासून वीजवितरण कंपनीला गरजेच्या वेळी पंपाचा भार कमी करू देणाऱ्या ग्राहकाला वहनशुल्कात सूट मिळते. स्वीडनने 1991 मध्ये लावलेला कार्बन कर हा तर सवलतीच्या व्याख्येतही बसत नाही, पण तेलावर घर तापवणे महाग करून त्याने तिथे हीट पंपाचा मार्ग मोकळा केला. बिलावर दरवर्षी होणारी अशी बचत एकरकमी अनुदानापेक्षा कमी आकर्षक वाटत असली तरी पंधरा वर्षांचा हिशोब मांडल्यावर तिचे वजन कळते.

जाहिरातीत दिसणारी कमाल टक्केवारी मलाही मिळेल का?

बहुतेकांना ती मिळत नाही, आणि का मिळत नाही हे समजून घेण्यासाठी जर्मनीचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. तिथे केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेमार्फत मूळ अनुदान 30 टक्के मिळते. स्वतः राहत असलेल्या घरातील चालू स्थितीतील जुना तेलाचा बॉयलर, किंवा किमान 20 वर्षे जुना गॅस बॉयलर काढून टाकल्यास 2028 अखेरपर्यंत आणखी 20 टक्के मिळतात. कुटुंबाचे करपात्र वार्षिक उत्पन्न 40,000 युरोपर्यंत असेल तर 30 टक्के, आणि नैसर्गिक शीतक (पंपात फिरून उष्णता वाहून नेणारा प्रोपेनसारखा पदार्थ) वापरणारा किंवा जमिनीतून वा पाण्यातून उष्णता घेणारा पंप असेल तर 5 टक्के. बेरीज कितीही झाली तरी मर्यादा 70 टक्के.

आता दुसरी मर्यादा पाहा, जी जाहिरातीत ठळकपणे दिसत नाही. ही टक्केवारी एका घरासाठी जास्तीत जास्त 30,000 युरो खर्चावरच मोजली जाते. समजा, तेलाचा बॉयलर काढून पंप बसवण्याचे कोटेशन 36,000 युरोंचे आहे आणि कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे. 30 आणि 20 मिळून 50 टक्के, पण ते 30,000 वर, म्हणजे 15,000 युरो. उरलेले 21,000 युरो घरमालकाचे. प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने ही मदत सुमारे 42 टक्के ठरते. त्यामुळे अनुदानाची रक्कम विचारण्यापेक्षा अनुदानानंतर आपल्या खिशातून किती जाणार, हे विचारावे. कोणत्याही देशातील योजनेला हाच प्रश्न लागू पडतो.

अनुदान आणि करसवलत यांत व्यवहारात काय फरक पडतो?

फरक मोठा आहे. अनुदान सर्वांना रोख मिळते, करसवलत मात्र ज्याच्यावर कर लागू आहे त्यालाच उपयोगी पडते. अमेरिकेत 2022 च्या इन्फ्लेशन रिडक्शन कायद्याने वाढवलेल्या सवलतीत हीट पंपाच्या खर्चाच्या 30 टक्के, पण वर्षाला जास्तीत जास्त 2,000 डॉलर इतका कर कमी होत असे. पंपाला 14,000 डॉलर खर्च आला तर 30 टक्क्यांप्रमाणे 4,200 होतात, मर्यादेमुळे 2,000 उरतात, आणि त्या वर्षी कुटुंबाचे एकूण करदेणे 1,400 डॉलरच असेल तर लाभही 1,400 इतकाच. उरलेले 600 डॉलर परत मिळत नसत आणि पुढच्या वर्षावर ढकलताही येत नसत. ज्यांचे उत्पन्न कमी, त्यांना लाभही कमी, हा या पद्धतीतला मूलभूत दोष आहे आणि माझ्या मते केवळ एवढ्या कारणासाठी थेट अनुदान श्रेयस्कर ठरते. ही करसवलत जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने संपवली, 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या पंपांना ती लागू नाही.

अर्ज कधी करावा: काम सुरू होण्यापूर्वी की नंतर?

काम सुरू होण्यापूर्वी. काही योजनांत नंतर अर्ज करण्याची सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. हिवाळ्यात बॉयलर अचानक बंद पडतो, घरात लहान मुले किंवा वृद्ध असतात, इन्स्टॉलर उद्याच काम सुरू करतो म्हणतो आणि घरमालक करारावर सही करून मोकळा होतो. ही घाई समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत कधी कधी संपूर्ण अनुदानाइतकी असते.

जर्मनीतला क्रम असा आहे: आधी इन्स्टॉलरशी करार, पण त्या करारात अनुदान मंजूर झाले तरच तो लागू होईल, किंवा नामंजूर झाल्यास तो रद्द होईल, अशी अट स्पष्ट लिहिलेली हवी आणि काम कधी होणार याची अपेक्षित तारीखही हवी. मग तज्ज्ञाकडून नियोजित कामाचे पुष्टिपत्र. मग बँकेकडे अर्ज. त्यानंतर काम, आणि काम झाल्यावर बिले व दुसरे पुष्टिपत्र सादर केल्यावर पैसे. करारात ही एक अट नसेल तर बाकी सारे नियमानुसार असूनही अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अनुदान शेवटी मिळत असल्यामुळे मधल्या काळातील पैशांची तजवीजही करावी लागते, त्यासाठी केएफडब्ल्यूकडून घरटी 1,20,000 युरोंपर्यंतचे पूरक कर्ज मिळू शकते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अर्ज घरमालक करत नाही, इन्स्टॉलर करतो. ऑफजेम ही नियामक संस्था मग घरमालकाकडे संमती मागते. हा संदेश अनोळखी पत्त्यावरून आलेला म्हणून दुर्लक्षित राहिला तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून इन्स्टॉलरने अर्ज केला त्या दिवसापासून स्पॅमच्या फोल्डरवरही लक्ष ठेवावे. मंजुरीचे व्हाउचर हवेतल्या पंपासाठी तीन महिने आणि जमिनीतल्या पंपासाठी सहा महिने वैध असते, त्यामुळे फार आधी अर्ज करणेही सोयीचे नाही.

बॉयलर बंद पडला असेल तर तात्पुरते विजेचे हीटर किंवा भाड्याचे यंत्र वापरून मंजुरीपर्यंत वेळ काढावा. त्याचा खर्च अनुदानाच्या तुलनेत किरकोळ असतो. बॉयलर जुना असेल तर त्याहून बरे म्हणजे तो चालू असतानाच, उन्हाळ्यात, सारी तयारी करून ठेवणे.

पंप कोणाकडूनही बसवून घेता येतो का?

स्वतःच्या पैशाने बसवायचा असेल तर प्रश्न निराळा, पण अनुदान हवे असेल तर जवळपास सर्वत्र प्रमाणित इन्स्टॉलर लागतो. ब्रिटनमध्ये एमसीएस प्रमाणपत्र, फ्रान्समध्ये आरजीई मान्यता. हे प्रमाणपत्र त्याच प्रकारच्या कामासाठी आहे का आणि करार करायच्या दिवशी वैध आहे का, हे अधिकृत यादीत स्वतः पाहावे. माहितीपत्रकावरचे बोधचिन्ह हा पुरावा नव्हे.

कोणताही हीट पंप अनुदानास पात्र असतो का?

नाही. इंग्लंड-वेल्सच्या योजनेत पंप आणि गॅस बॉयलर एकत्र असलेली संमिश्र यंत्रणा चालत नाही, आणि नव्या पंपाने घराची पूर्ण उष्णतेची गरज भागवावी लागते. फ्रान्सच्या माप्रिमरेनोव्ह योजनेत रेडिएटरच्या पाण्याला उष्णता देणारे पंप बसतात, थेट हवा गरम करणारे बसत नाहीत. जर्मनीत पंपाची मोसमी कार्यक्षमता, म्हणजे एक युनिट विजेमागे वर्षभरात सरासरी मिळणारी उष्णता, किमान 3 असावी लागते आणि 2028 पासून फक्त नैसर्गिक शीतकाच्या पंपांनाच अनुदान मिळणार आहे. आर-32 या प्रचलित शीतकाची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट आहे, प्रोपेनची मात्र नगण्य. जपानमध्ये 2001 पासून विकले जाणारे इकोक्यूट हे पाणी तापवणारे पंप तर कार्बन डायऑक्साइडच शीतक म्हणून वापरतात. त्यामुळे दोन मॉडेलांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर नैसर्गिक शीतकाचे मॉडेल घेणे पुढच्या नियमांच्या दृष्टीनेही शहाणपणाचे ठरते.

आधी घराचे इन्सुलेशन करणे सक्तीचे आहे का?

नेहमीच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये पोटमाळा आणि पोकळ भिंतींच्या इन्सुलेशनच्या प्रलंबित शिफारशी आधी पूर्ण करण्याची अट होती, ती मे 2024 मध्ये काढून टाकली. सक्ती नसली तरी पोटमाळ्याचे इन्सुलेशन आणि दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे ही स्वस्त कामे आधी करावीत, कारण त्यामुळे लहान पंप पुरतो आणि लहान पंप स्वस्त असतो. भिंतींच्या महागड्या कामासाठी मात्र पंप वर्षानुवर्षे लांबणीवर टाकण्याची गरज नाही.

कोटेशन हाती आल्यावर त्यात काय पाहावे?

सर्वांत आधी उष्णताहानीचा हिशोब पाहावा. प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, छत आणि बाहेरचे किमान तापमान धरून त्या खोलीला किती वॅट लागतात याचा तक्ता कोटेशनला जोडलेला असला पाहिजे. चौरस मीटरला अमुक वॅट असा ठोकताळा लावून किंवा जुन्या बॉयलरच्या क्षमतेवरून पंप निवडला असेल, तर तो बहुधा गरजेपेक्षा मोठा असतो. मोठा पंप महाग असतो, सौम्य थंडीत सारखा सुरू-बंद होतो आणि त्याची कार्यक्षमता घसरते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान. कोटेशनमध्ये ते 55 अंश लिहिले असेल तर दोन-तीन रेडिएटर मोठे करून ते 45 वर आणता येईल का, हे विचारावे. पाणी जितके कमी तापवावे लागेल तितकी वीज कमी लागते, आणि रेडिएटर बदलण्याचा खर्च अनेक योजनांत पात्र खर्चात धरला जातो. इथे हात आखडता घेऊ नये.

मग ओळीओळीने किमती पाहाव्यात: बाहेरचे युनिट, गरम पाण्याची टाकी, रेडिएटर, पाइप, विजेचे काम, जुना बॉयलर आणि तेलाची टाकी काढणे, यंत्रणा चालू करून समतोल साधणे. हे सारे एका ओळीत, एका आकड्यात गुंडाळलेले असेल तर कोणता खर्च पात्र आणि कोणता नाही हे ठरवताच येत नाही. शेवटी एकूण रक्कम, अनुदान आणि देय रक्कम वेगवेगळी लिहून मागावी. अनुदान वाढले की कोटेशनही तेवढेच वाढते, अशी तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. तीन वेगवेगळ्या इन्स्टॉलरांची कोटेशने अनुदानापूर्वीच्या किमतीवर ताडून पाहणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वेगळी तरतूद असते का?

असते, आणि ती अवश्य शोधावी. फ्रान्समध्ये उत्पन्नानुसार निळा, पिवळा, जांभळा आणि गुलाबी असे चार गट आहेत. निळ्या गटाला सर्वाधिक मदत मिळते आणि गुलाबी गटाला हीट पंपासाठी स्वतंत्र मदत मिळत नाही. अमेरिकेत 2022 च्याच कायद्यातून राज्यांमार्फत चालणाऱ्या परतावा योजनेत हीट पंपासाठी 8,000 डॉलरपर्यंतची तरतूद आहे: त्या भागाच्या मध्यक उत्पन्नाच्या (ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी कुटुंबे असतात) 80 टक्क्यांखालील कुटुंबांना पूर्ण खर्च, तर 80 ते 150 टक्क्यांच्या दरम्यानच्या कुटुंबांना निम्मा. करसवलत संपली म्हणून ही योजनाही संपली असे समजू नये, तिचा निधी आणि नियम वेगळे आहेत. याच योजनेत विजेच्या मुख्य पॅनेलसाठीही 4,000 डॉलरपर्यंत वेगळी मदत आहे, आणि जुन्या घरात हा खर्च हमखास उद्भवतो.

मी भाडेकरू आहे, किंवा फ्लॅटमध्ये राहतो. मला काही करता येईल का?

अर्ज सहसा मालकालाच करता येतो. जर्मनीत घर भाड्याने देणाऱ्या मालकाला मूळ 30 टक्के आणि 5 टक्क्यांची वाढ मिळू शकते, स्वतः राहणाऱ्यांसाठीच्या वाढी मिळत नाहीत. अनेक घरांच्या इमारतीत पात्र खर्चाची मर्यादा पहिल्या घराला 30,000 युरो, दुसऱ्या ते सहाव्या घराला प्रत्येकी 15,000 आणि त्यापुढे प्रत्येकी 8,000 अशी उतरत जाते. भाडेकरूने मालकाकडे नुसती मागणी करण्यापेक्षा हे आकडे मांडून बोलावे. सामायिक भिंतीवर किंवा गच्चीवर युनिट बसवायचे तर सोसायटीची लेखी संमती आधी घ्यावी.

एकाहून अधिक सवलती एकत्र घेता येतात का?

बऱ्याचदा येतात, पण एकाच खर्चावर दोनदा लाभ सहसा मिळत नाही. अमेरिकेत वीजकंपनीने दिलेली सूट आधी खर्चातून वजा करून उरलेल्या रकमेवर करसवलत मोजली जात असे. स्थानिक नगरपालिकेची मदत घेण्याआधी राष्ट्रीय योजनेत एकूण मदतीवर मर्यादा आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

अनुदान मिळाले तरी वीजबिलामुळे एकूण खर्च वाढणार नाही ना?

वाढू शकतो, आणि हा प्रश्न अर्ज करण्याआधीच सोडवायला हवा. विजेचा एका युनिटचा दर गॅसच्या दराच्या किती पट आहे, हे बिलांवरून काढावे. बॉयलरची कार्यक्षमता 90 टक्के आणि पंपाची मोसमी कार्यक्षमता 3 धरली, तर हे प्रमाण 3.3 पटींच्या खाली असताना पंप स्वस्त पडतो. वीज चौपट महाग असेल तर याच पंपाने उष्णतेचा खर्च सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. पण तीच यंत्रणा 4 कार्यक्षमतेने चालली तर खर्च 10 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे मोठे रेडिएटर आणि योग्य आकाराचा पंप यांवरच बिल वाढणार की घटणार हे ठरते. हीट पंपासाठीचा किंवा वेळेनुसार बदलणारा वीजदर मिळत असेल तर घ्यावा, आणि स्वयंपाकही विजेवर होत असेल तर गॅसची जोडणी बंद करून तिचा स्थिर आकार वाचवावा.

कडाक्याच्या थंडीत पंप चालतो का?

चालतो. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या युरोपातील सर्वांत थंड देशांतच हीट पंपांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

सवलत वाढेल या आशेने थांबावे का?

थांबू नये, असे माझे मत आहे. वाढीची उदाहरणे आहेत, पण योजना अचानक बंद झाल्याचीही आहेत. कॅनडाच्या ग्रीनर होम्स अनुदानाने फेब्रुवारी 2024 मध्ये नवे अर्ज घेणे थांबवले. इटलीने 2020 मध्ये नूतनीकरणाच्या खर्चाच्या 110 टक्के देणारी योजना आणली, तिचा भार तिजोरीला पेलवेना आणि ती झपाट्याने आवळावी लागली. ब्रिटनमध्ये 2014 ते 2022 या काळात उष्णतेच्या प्रमाणात सात वर्षे दर तिमाहीला पैसे देणारी योजना होती, तिच्या जागी एकरकमी अनुदान आले. अंदाजपत्रकाच्या काळात किंवा निवडणुकीनंतर नियम बदलतात. उष्णताहानीचा हिशोब झालेला असेल, कोटेशन पटलेले असेल आणि आजची मदत धरून खर्च झेपत असेल, तर आजच अर्ज करावा.

कोणती कागदपत्रे जपून ठेवावीत?

जुना बॉयलर काढण्यापूर्वी त्याचे आणि त्यावरील माहितीपट्टीचे, अनुक्रमांक व निर्मितीचे वर्ष स्पष्ट वाचता येईल असे छायाचित्र काढावे. वयाच्या अटीवर मिळणाऱ्या वाढीव अनुदानासाठी पुढे त्याचाच आधार लागतो, आणि एकदा बॉयलर भंगारात गेला की ते काढता येत नाही. तो बॉयलर रीतसर मोडीत काढल्याची पावती, मंजुरीचे पत्र, करार, खर्चाची फोड असलेले बिल, बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा, यंत्रणा चालू केल्याचा अहवाल आणि उष्णताहानीचा तक्ता या साऱ्यांच्या प्रती किमान दहा वर्षे ठेवाव्यात. रोख पैसे देऊ नयेत, कारण रोख व्यवहाराचे बिल अनेक योजनांत ग्राह्य धरत नाहीत. अर्ज फेटाळला गेल्यास कारण लेखी मागावे. कागद अपुरा असल्यामुळे नकार आला असेल तर मुदतीत तो जोडून फेरविचार मागता येतो, आणि अशा वेळी ही फाईल हाताशी असलेल्या माणसाचे काम दोन दिवसांत होते.